हिमगडचा खलिता

मुळ्येकाका रस्ता ओलांडायला घाबरत. मी थट्टा करत नाही. पाचचा भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकली आणि स्कूटरींचा लोंढा बाहेर पडे, आणि काका छत्री काखेत धरून कडेला उभे राहत, लोंढा ओसरेपर्यंत. कधी दहा मिनिटं, कधी वीस. तोवर पलीकडे त्यांची बस निघून गेलेली असे, मग ते चालत घरी जात.

अनंत मुळ्ये मूळचे अमरावतीचे. नोकरीसाठी भोपाळला आले आणि अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या स्टोअर्समध्ये राहिले. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणार, साहेबानं नुसतं 'कोण आहे तिकडे' म्हटलं तरी आधी 'सॉरी सर' म्हणणार. टाउनशिपमधल्या त्यांच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर चार पावसाळे गळत होतं. रत्नप्रभाकाकू पातेली मांडून मांडून थकल्या, पण काकांनी इस्टेट ऑफिसात अर्ज म्हणून दिला नाही. तक्रार केली की साहेबांच्या लक्षात नाव राहतं, असं त्यांचं म्हणणं. आपलं नाव कुणाच्या लक्षात राहू नये यासाठी हा माणूस उभा जन्म झटला.

आणि हाच माणूस अधूनमधून लोकांचा श्वास कोंडायचा. कागदावर.

त्याचं असं झालं. आमच्या महाराष्ट्र मंडळात हेमंत चिटणीस नावाचा ट्रेनी इंजिनिअर होता, पुण्याचा, डोक्यानं तल्लख आणि संध्याकाळी रिकामा. परदेशात लोक टपालानं अंतराळाचे खेळ खेळतात असं त्यानं कुठेतरी वाचलं आणि बसल्या बैठकीला स्वतःचा एक मराठी खेळ बेतला. नाव 'पंचग्रह'. बावीस पानांचे नियम, सायक्लोस्टाइल केलेले. पाच खेळाडू, पाच वसाहती. प्रत्येक वसाहतीत एक गोष्ट उदंड आणि एक अजिबात नाही. कुणाकडे धातू, कुणाकडे इंधन, कुणाकडे धान्य. काकांच्या वाट्याला हिमगड आला. तिथे नुसतं बर्फ होतं, पण बर्फातून हवा काढता यायची, आणि हवा बाकी कुणाकडेच फारशी नव्हती.

लढाई करायला परवानगी होती, पण ती इतकी महाग ठेवली होती की दोन वर्षांत कुणी केली नाही. सगळं काम व्यापारावर आणि दाबावर चाले. 'दाब' हा हेमंतचा लाडका नियम. एखादी वसाहत कुठल्याही गरजेच्या वस्तूसाठी निम्म्याहून जास्त तुमच्यावर अवलंबून असेल, तर तुम्ही तिला खलिता धाडू शकता: अमुक द्या, नाहीतर तमुक दिवशी पुरवठा तोडतो. समोरच्यानं मान तुकवली तर तुमचा वचक वाढला. त्यानं नाही म्हटलं आणि तुम्ही खरंच पुरवठा तोडला, तर तुमचंही गिऱ्हाईक गेलं. आणि धमकी देऊन काहीच केलं नाही, तर वचक निम्मा. मग तुमच्या पुढच्या धमकीला कुणी भीक घालत नाही.

काका यात सगळ्यांचे बाप निघाले. सहा-सहा महिने हवा स्वस्तात द्यायचे, गोड पत्रं लिहायचे, समोरचा खूश होऊन स्वतःचं हवायंत्र मोडीत काढायचा, आणि मग एक दिवस खलिता यायचा. मी एकदा त्यांना विचारलं, काका, तुम्हाला हे जमतं कसं. ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "घाबरट माणसालाच जमतं हे. दुसऱ्याचं कुठे दुखेल ते त्याला आधी कळतं. स्वतःचं तिथेच दुखत असतं ना."

आता मी कोण ते सांगते. मी प्रमिला, ड्रॉइंग ऑफिसात हिंदीची टायपिस्ट. हेमंतची बदली झाली तेव्हा पंचगिरी, म्हणजे खेळाडूंचे डाव गोळा करून निकाल लावायचं काम, माझ्या गळ्यात पडली, कारण टाइपरायटर माझ्याकडे होता. कोणाचा खलिता कोणाला हे बाकीच्या खेळाडूंपासून गुप्त ठेवायचा नियम होता. खेळाडू हातानं मसुदा लिहून देई, मी तो टाइप करी, खाली फक्त वसाहतीचं नाव, आणि तो कागद ऑफिसच्या डाकेतून रवाना. सरकारी डाकेतून खासगी खेळ, हे गैर होतं, मला कळत होतं. पण कळणं आणि वळणं यात माझ्या बाबतीत नेहमीच अंतर राहिलं आहे.

डाकेचं पाकीट ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाकी, जाडसर, दोन्ही बाजूंना चौकटी छापलेल्या. एका चौकटीत नाव लिहायचं, पाकीट पोचलं की त्यानं आपलं नाव खोडायचं, पुढच्या चौकटीत दुसऱ्याचं लिहायचं. एक पाकीट चाळीस टेबलं फिरून येई. चपराशी बघणार तो फक्त शेवटचं न खोडलेलं नाव.

फेब्रुवारी सत्त्याऐंशी. बुधवार. काकांचा मसुदा आला होता, गोविंद वडोदकरांच्या 'सोनतळ' वसाहतीसाठी. गोविंदराव खरेदी विभागात होते आणि खेळात सपशेल अडकले होते. मी टाइप केलं:

'आठ दिवसांच्या आत उत्तरेची खाण आमच्या हवाली करावी. न केल्यास नवव्या दिवशी आपली हवा बंद करण्यात येईल. तिसऱ्या कुणास कळवल्यास मुदत रद्द समजावी. हिमगड.'

कागद पाकिटात घातला आणि भोंगा झाला. त्या पाकिटातून दुपारीच वायू संयंत्राचं एक ड्रॉइंग आमच्याकडे आलं होतं. ते तसंच सहीला परत जायचं होतं, म्हणून मी चौकटीत वायू संयंत्राच्या भटनागर साहेबांचं नाव लिहून ठेवलं होतं. मग ड्रॉइंग दुसऱ्या मोठ्या पाकिटात घातलं आणि हे नाव खोडायचं राहिलं. सकाळी खोडू म्हणून मी पाकीट टेबलावर टाकलं आणि बस पकडली. सकाळी टेबल रिकामं होतं, चपराशी पाकीट घेऊन गेला होता. मला वाटलं, मी काल खोडून गोविंदरावांचं नाव घातलंच असणार. चूक माझी, ती इतकीच.

वायू संयंत्र म्हणजे कारखान्यात वेल्डिंगसाठी लागणारे वायू जिथे तयार होतात, टाक्यांत भरतात ती जागा. तिथल्या भटनागर साहेबांच्या हातात कागद पडला, आणि ते हिंदीभाषक. मराठी त्यांना अर्धीमुर्धी कळली असेल. पण 'नवव्या दिवशी' आणि 'हवा बंद' कळायला मराठी यावी लागत नाही. आणि हे शहर भोपाळ होतं. वायुगळतीच्या त्या डिसेंबरला सव्वादोन वर्षं झाली होती. आमच्या टाउनशिपकडे त्या रात्री वारा आला नव्हता, पण माणसं आली होती, डोळे मिटून, लेकरं खांद्यावर घेऊन, आणि मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतलं होतं. या गावात हवेची धमकी कुणी गमतीत घेत नाही.

गुरुवारी फाटकावर पिशव्या तपासायला लागले. वायू संयंत्र बंद ठेवून एकेक झडप बघू लागले. कँटीनमध्ये कुजबुज उठली, "किसी ने चिट्ठी भेजी है, हवा में कुछ छोड़ेंगे." तासाभरात ती साऱ्या टाउनशिपभर झाली. तुलसी नगरातून माझ्या मावशीनं शेजाऱ्यांच्या फोनवरून आईला निरोप दिला की चार दिवस इकडे या. शाळेत निम्मी मुलं आली नाहीत. आणि ऐका, मीही घाबरले. मनापासून घाबरले. आईनं दाराखिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, मी बादलीत टॉवेल भिजवले. कोण हा नीच माणूस, म्हणून मी त्याला पोटभर शिव्या घातल्या.

शुक्रवारी दुपारी सुरक्षा विभागाचा माणूस माझ्या टेबलाशी आला. कारखान्यात देवनागरीची मशीनं अकरा होती, प्रत्येकावर नमुना घ्यायचा होता. तो म्हणाला, लिहा, आणि एकेक शब्द सावकाश सांगू लागला. आठ. दिवस. खाण. हवाली. मी टाइप करत गेले. हवा बंद. माझी बोटं मशीनच्या बटणांवर थांबली. तो म्हणाला, मैडम, आगे लिखिए, हिमगड.

मी हिमगड लिहिलं. माझ्या मशीनच्या 'ह'ची डोक्यावरची रेघ तुटकी होती. खेळाच्या प्रत्येक कागदावर तो तुटका 'ह' होता, आणि आता या नमुन्यात तीन वेळा होता. त्यानं कागद ओढून घेतला, मागे मशीनचा नंबर लिहिला आणि सांगितलं की सगळे नमुने सोमवारी तपासायला जाणार.  

माझी नोकरी कच्ची होती. एप्रिलमध्ये पक्की व्हायची होती. वडील गेले होते, क्वार्टर माझ्या नोकरीवर होतं आणि आई त्या क्वार्टरमध्ये होती. सोमवारी ते येणार, फाटकाबाहेर काढणार, कदाचित पोलिसांत देणार. हवेची धमकी देणारी बाई म्हणून माझं नाव पेपरात येणार. एम. पी. नगरातल्या पेपरवाल्यांना आणखी काय हवं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी खण उघडला, काकांच्या हातचा मसुदा शोधून काढला, पर्समध्ये घातला आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

काकूंनी चहा केला. मी सगळं सांगितलं. काका हातात बशी धरून ऐकत होते. शेवटी त्यांनी ती खाली ठेवली. पहिलं काय विचारलं असेल? "म्हणजे गोविंदला मिळालाच नाही?" मग त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. दारावर सायकलची घंटा वाजली तरी ते दचकले.

मी पर्स उघडली नाही. फक्त तिच्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "काका, मसुदा तुमच्या अक्षरात आहे. तो माझ्याकडे आहे. सोमवारी मला विचारलं तर मला तो दाखवावा लागेल. त्याआधी तुम्ही जाऊन सांगितलं तर बरं."

काकूंना यातलं काही कळलं नसावं. काकांना कळलं. निम्म्याहून जास्त अवलंबून असलेला माणूस, मागणी, मुदत आणि मुदतीनंतर काय होणार ते. बावीस पानांतला एकही नियम मी चुकवला नव्हता. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बरोबर खेळलीस," ते म्हणाले. "दुखतं तिथेच बोट ठेवलंस." मग म्हणाले, "भटनागरांच्या घरी कोण कोण असतं गं?"

मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी काका आपण होऊन सुरक्षा विभागात गेले. बगलेत नियमांची बावीस पानं, पाच ग्रहांचा नकाशा आणि छत्री. मागाहून कळलं, दारातून आत जायच्या आधी ते दोनदा परत फिरले होते. चपराशानं हाताला धरून आत नेलं. त्यांनी सांगितलं की खेळ माझा, खलिता माझा. टाइप मीच केला, जेवणाच्या सुट्टीत, ड्रॉइंग ऑफिसच्या मशीनवर, बाई जागेवर नसताना. पाकिटावरचं नाव खोडायला मीच विसरलो. साहेबांनी विचारलं, तुम्हाला टायपिंग येतं? ते म्हणाले, एका बोटानं येतं. त्यांना येत नव्हतं. कुणी करून बघायला सांगितलं असतं तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. पण इतका घाबरलेला माणूस खोटं बोलत असेल असं कुणाला वाटलंच नाही.

पुढचं थोडक्यात. चौकशी झाली, दोन महिने निलंबन झालं. चौदा वर्षं वाट बघितलेली बढती त्या एप्रिलात मिळायची होती, ती गेली. त्यांना स्टोअर्समधून काढून मागच्या फाटकाजवळच्या भंगार यार्डात बसवलं, निवृत्तीपर्यंत. शहाण्यासुरत्या लोकांनीही त्यांच्याशी बोलणं टाकलं, कारण ज्याला-त्याला त्या गुरुवारची स्वतःची भीती आठवत होती. मी एप्रिलमध्ये पक्की झाले. पंचग्रह पुन्हा कुणी खेळलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. शनिवारी कबुली देऊन झाल्यावर सुरक्षा अधिकाऱ्यानं काकांना एवढंच ऐकवलं होतं की भटनागर साहेबांच्या आईनं गुरुवारपासून डोळ्याला डोळा लावलेला नाही. ती वायू पसरलेल्या जुन्या शहरात राहायची, त्या डिसेंबरनंतर मुलानं इकडे आणली. रविवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. म्हणाले, "मला तिच्याकडे जायचंय. एकट्याला भीती वाटते. येशील?"

मी नाही म्हणू शकले नाही. आम्ही चालत गेलो. मोठा रस्ता आला तेव्हा ते कडेला थांबले, आणि मी त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं. त्यांचा हात गार पडला होता, माझाही.

भटनागर साहेबांनी दार उघडलं, पण बसा म्हणाले नाहीत. म्हातारी आतल्या खोलीत पलंगावर टेकून बसली होती, खिडक्या बंद, उशाशी पाण्याचं घमेलं आणि त्यात भिजवलेले टॉवेल. डोळे लाल, सतत पाझरणारे. साहेबांनी तिला सांगितलं की हेच ते. काका तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मोडक्या हिंदीत सांगू लागले, माताजी, वह खेल था, कागज़ का खेल, उसमें झूठमूठ के तारे हैं. तिला त्यातलं काही कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तो हवा बंद नहीं होगी?"

"नहीं होगी."

"लिखके दो."

काकांनी खिशातून कागद काढला, पलंगाच्या कडेवर ठेवून लिहिलं, 'हवा बंद नहीं होगी', आणि खाली पूर्ण नाव घातलं, अनंत वामन मुळ्ये, क्वार्टर नंबरसकट. नाव कुणाच्या लक्षात राहू नये म्हणून झटलेला माणूस तो. तिनं कागद डोळ्यांजवळ धरला. वाचता येत होतं की नाही कुणास ठाऊक. घडी करून उशीखाली ठेवला. मग विचारलं, "पर वह मशीन पे छापा किसने था?"

साहेब माझ्याकडे बघत होते. निदान मला तसं वाटलं. माझ्या ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं. एक शब्द बोलायचा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे एप्रिल उभा राहिला, आई उभी राहिली, आणि मी नजर घमेल्याकडे वळवली.

काका म्हणाले, "मैंने."

म्हातारीची नजर माझ्यावर आली. मी लटलट कापत होते आणि ते लपवता येत नव्हतं. तिनं विचारलं, "तू क्यों काँप रही है, बेटी?"

 काकाच बोलले, माझ्याकडे न बघता. "इसको भी हवा से डर लगता है, माताजी."

म्हातारीनं मान हलवली, जणू हे तर तिला ठाऊकच होतं. ती वाकली, घमेल्यातून एक टॉवेल काढला, दोन्ही हातांनी पिळला, घडी केली आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, "ले, यह तू रख. मेरे पास दूसरा है. रात को मुँह पे रखना, कुछ नहीं होगा."

मी तो घेतला. परतताना मोठ्या रस्त्यावर काका थांबले नाहीत, माझा हात सोडून एकटेच पलीकडे गेले, आणि मीच कडेला उभी राहिले, हातात तो ओला टॉवेल घेऊन, स्कूटरी जाईपर्यंत. घरी आल्यावर आईनं विचारलं हा कुणाचा. मी सांगितलं, आपलाच आहे, आणि दोरीवर वाळत घातला. तो परत करायला मी कधी गेले नाही.